तिकडे वाजला, इकडे नाही

१

डोंगरापलीकडच्या म्हाताऱ्या मेंढपाळाला सकाळी रुग्णालयात आणलं, तेव्हा तो पूर्ण शुद्धीवर होता. पायाची जखम चिघळून ताप चढला होता, पण तोंड चालू होतं. हातवारे करून, डॉक्टरांची बाही ओढून तो जीव तोडून काहीतरी सांगत होता. त्याची बायकोही सांगत होती. दोघांचा एक शब्दही कुणाला कळत नव्हता.

"दुभाषीबाईंना लावा," डॉक्टर म्हणाले.

सकाळच्या पाळीला दुभाषीबाई घरूनच, फोनवरून काम करत. रुग्णालयाच्या एक्स्चेंजवरच्या बाईने फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरांनी अशा जखमेवर नेहमी देतात ते इंजेक्शन दिलं. काही वेळातच म्हाताऱ्याचं तोंड सुजलं, श्वास कोंडला आणि त्याला धावतपळत अतिदक्षता विभागात न्यावं लागलं.

दुपारी धाकटा दुभाषी कामावर आला. त्याने म्हातारीला मोडक्यातोडक्या बोलीत विचारलं, तेव्हा उलगडा झाला. हीच सुई आपल्याला सोसत नाही, मागे एकदा जिवावर बेतलं होतं, एवढंच तो बिचारा सकाळपासून सांगत होता.

म्हातारा वाचला, पण थोडक्यात.

इकडे घरी दुभाषीबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नुकताच औषधवाल्याला फोन करून नातीच्या तापाचं औषध आलंय का ते विचारलं होतं. रिसीव्हर ठेवतात न ठेवतात तोच फोन वाजला. रुग्णालयाचे संचालक बोलत होते.

"आता बरा उचललात," ते म्हणाले आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली.

दुभाषीबाईंनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "मी सकाळपासून टेबलापाशीच आहे. फोन वाजला नाही."

"बाई, एक्स्चेंजवरच्या बाईंनी स्वतःच्या कानांनी घंटा ऐकलीय. तुमचंही वय झालं. डुलकी लागते माणसाला. आणि हे काही पहिल्यांदा नाही, महिनाभरात दोनचारदा झालंय. सोमवारी समितीपुढे या. तोवर सकाळची पाळी दुसऱ्या कुणाला तरी देतो."

दुभाषीबाईंनी फोन ठेवला. पंचवीस वर्षांत त्यांनी कुणाचं बोलणं अर्धवट ऐकलं नव्हतं, कुणाचा शब्द गाळला नव्हता. माणूस मरता मरता काय बोलला, बाळंतीण काय ओरडली, सगळं जसंच्या तसं त्यांनी या भाषेतून त्या भाषेत नेलं होतं. त्या म्हाताऱ्याने बाही ओढून सांगितलेली गोष्ट मात्र वाटेतच हरवली होती. कुठे हरवली, हेच त्यांना कळत नव्हतं.

२

संध्याकाळी मुलगा कामावरून आला आणि आईचा चेहरा पाहून त्याने सरळ आत्याला बोलावून घेतलं.

आत्या म्हणजे दुभाषीबाईंची थोरली नणंद. तिची सगळी नोकरी कारखान्यांतल्या अपघातांच्या चौकशीत गेली होती. निवृत्त झाली तरी खोड काही गेली नव्हती. मांजराने दूध सांडलं तरी ती घरातल्या सगळ्यांचे जबाब घ्यायची. म्हणून घरात तिला 'फौजदार' म्हणत. तिला ते नाव मनापासून आवडायचं.

"मला या इंटरनेटच्या फोनातलं ओ की ठो कळत नाही," आल्या आल्या ती म्हणाली. "पण अपघात कळतात. आधी मला सांगा, साधा मोबाईल का नाही वापरत?"

"घर खोलगटात आहे ना," मुलगा म्हणाला. "रेंज फक्त फाटकापाशी येते. शिवाय रुग्णालयाला स्वच्छ आवाज लागतो. म्हणून आईच्या टेबलावर हा फोन आहे. इंटरनेटवरून चालतो. मागच्या महिन्यात जुना राउटर जळला, तेव्हा मी नवा आणला. चांगला निवडून आणलाय. हिचे शिवणाचे वर्ग व्हिडिओवर असतात, एकदाही अडकत नाहीत."

'ही' म्हणजे त्याची बायको. ती कोपऱ्यात बसून एका झबल्याला गळपट्टी लावत होती. चिमणीचा ताप आता कुठे उतरला होता, पोर तिच्या मांडीवर झोपलं होतं.

"फोनही उत्तम आहे. हे बघ." मुलाने रिसीव्हर उचलला, शेजारच्या चष्मेवाल्या काकांचा नंबर फिरवला आणि म्हणाला, "काका, जरा आम्हाला उलटा फोन लावता?"

लगेच फोन वाजला. पण वाजला म्हणजे काय, डबीत अडकलेल्या भुंग्यासारखा बारीक गुणगुणला.

मुलाने फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. घंटेचा आवाज अगदी खालच्या टोकाला आणून ठेवलेला होता.

"आई, हा तू कमी केलास?"

"मी कशाला करीन?"

झबल्यातली सुई थांबली होती.

"मी केला," सून म्हणाली.

३

"काल संध्याकाळी चिमणी तापाने फणफणली होती," सून सांगत होती. "जरा डोळा लागला की फोन वाजायचा आणि ती दचकून उठायची. म्हणून मी आवाज कमी केला. पुन्हा वाढवायचा होता, पण सकाळी तिला घेऊन दवाखान्यात गेले आणि विसरलेच. आई, माझ्यामुळे झालं हे सगळं."

"विसरलीस?" नवरा म्हणाला. "अगं, माणूस मरता मरता वाचलाय."

"आवाज चढवू नकोस, पोर उठेल," दुभाषीबाई म्हणाल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं. उठून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. ते लोटलेलं दार सुनेला थपडेपेक्षा जास्त लागलं. तिने झबलं बाजूला ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला.

आत्या मात्र फोनपाशी जाऊन उभी राहिली होती. "रडणं थांबव आणि मला सांग. महिनाभरात असं दोनचारदा झालं म्हणतात. आवाज तू याआधी कधी कमी केला होतास?"

"कधीच नाही. कालच पहिल्यांदा."

"मग आधीच्या वेळी कुणी कमी केला?" आत्या पुतण्याकडे वळली. "बायकोवर ओरडायला सोपं असतं रे. चष्मेवाल्यांना पुन्हा फोन लावायला सांग. आवाज आहे तसाच राहू दे. आणि कुणी उचलू नका."

मुलाने खिडकीतून काकांना हाक मारली. फोन पुन्हा तसाच गुणगुणला. दोनदा गुणगुणला असेल नसेल, तोच आतल्या खोलीचं दार उघडलं.

"वाजतोय ना तो," दुभाषीबाई दारातून म्हणाल्या. "उचलत का नाही कुणी?"

"वहिनी, लोटलेल्या दारातून ऐकू आलं तुला?"

"वन्सं, कान हीच माझी कमाई. ऐकू येणार नाही तर काय?"

घंटा थांबली. फोनच्या कपाळावर एक लाल दिवा लुकलुकायला लागला.

"हा कसला?"

"आलेला फोन कुणी घेतला नाही की लागतो," मुलगा म्हणाला. "बटण दाबेपर्यंत लुकलुकत राहतो."

"आज सकाळी होता का, वहिनी?"

दुभाषीबाईंनी मान हलवली. "नव्हता. मी त्याच्यासमोरच बसले होते. दिवा नव्हता, घंटा नव्हती. मी काय माठासारखी बसले होते का?"

"म्हणजे घंटा कमी होती म्हणून फोन चुकला नाही," आत्या म्हणाली. "फोन या टेबलापर्यंत आलाच नाही. सूनबाई, तू सुटलीस. ऊठ, तोंड धू."

सून उठली, पण मुलाचं समाधान झालं नव्हतं. "मग ती एक्स्चेंजवाली कसली घंटा ऐकत होती? आपल्याकडे वाजला नाही आणि तिच्याकडे वाजला? दोघींपैकी एक खोटं बोलतेय, आत्या."

"उद्या तिला भेटते," आत्या म्हणाली. "खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत."

४

एक्स्चेंजवरची बाई खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. आत्याला ते दोन मिनिटांत कळलं. ती जाड भिंगांची, तुटक बोलणारी बाई होती आणि दुभाषीबाईंवर तिचा जीव होता.

"मला काय हौस आहे त्यांच्याविरुद्ध सांगायची? पण घंटा वाजत होती. दोन्ही वेळा. मग 'संपर्क होऊ शकत नाही' अशी टेप लागली. जे ऐकलं ते सांगितलं."

"याआधीही झालं होतं म्हणे."

"झालं होतं ना. गंमत सांगते तुम्हाला. त्यांचा फोन नाही लागत तेव्हा अजिबात नाही लागत. पण एकदा का बोलणं झालं, की पाठोपाठ कितीही वेळा लावा, पहिल्या घंटेला उचलतात. मी मनात म्हणायची, बाईंना जाग यायला वेळ लागत असेल."

आत्याने ते मनात नोंदवून ठेवलं. मग धाकट्या दुभाष्याला भेटायला गेली.

धाकटा म्हणजे काही पोरगा नव्हता, कानशिलं पांढरी व्हायला लागलेला माणूस होता. दुभाषीबाईंची पाळी गेली तर ती त्यालाच मिळणार होती. आत्याने आडपडदा न ठेवता तेच विचारलं.

"मिळेल की," तो म्हणाला. "पण घेऊन करू काय? मला खोऱ्यातली बोली येते. डोंगरापलीकडचं बोलणं मला निम्मं कळतं, निम्मं मी अंदाजाने ठोकतो. काल म्हातारीचं एक वाक्य समजायला मला तीनदा विचारावं लागलं." तो घुटमळला. "पण एक खरं आहे. संचालकांनी विचारलं तेव्हा मीच म्हणालो, बाईंचं वय झालंय. बोलून गेलो. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही."

आत्या घराकडे निघाली. तिच्याकडे दोन साक्षीदार होते आणि दोघी खऱ्या होत्या. एकीने घंटा ऐकली होती, दुसरीने ऐकली नव्हती. कारखान्यात असं झालं की ती एकच करायची. ती स्वतः त्या जागी जाऊन उभी राहायची.

फाटकापाशी ती थांबली. समोरच दुभाषीबाईंची खिडकी होती, पडदा बाजूला होता. निघताना सांगून गेल्याप्रमाणे वहिनी टेबलापाशी बसली होती, तळहात फोनवर ठेवलेला. सकाळपासून कुणीही त्या फोनला हात लावून नंबर फिरवला नव्हता.

आत्याने मोबाईल काढला आणि नंबर लावला.

कानात घंटा वाजायला लागली. स्पष्ट, खणखणीत. ट्रिंग, ट्रिंग.

खिडकीत वहिनी तशीच बसून होती. फोनवरचा तळहात हलला नाही. दिवा लागला नाही. आत्याच्या कानात घंटा वाजत होती आणि चार हातांवर, तिच्या डोळ्यांदेखत, फोन दगडासारखा गप्प होता.

५

"दोघीही खरं बोलताय," घरात शिरता शिरता आत्या म्हणाली. "खोटी आहे ती घंटा."

मुलाने फोन कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीने त्यांचा फोन तपासला. "तुमचा फोन आमच्याकडे हजर दिसतोय," ती म्हणाली.

"हजर आहे तर वाजत का नाही?" आत्याने विचारलं. "आणि मी ऐकली ती घंटा कुठली?"

"ती आमचीच असते, मॅडम. आम्ही समोरचा फोन शोधत असतो, तेवढ्यात लावणाऱ्याला लाईन मेली असं वाटू नये म्हणून आम्ही इकडून घंटा ऐकवतो. ती वाजली म्हणजे तिकडचा फोन वाजला असं नाही."

"म्हणजे हजेरी लागलीय, पण पोरगं वर्गात नाही."

पलीकडची मुलगी हसली. "तसंच काहीसं. तुमच्या राउटरमध्ये इंटरनेट फोनला मदत करणारी एक सोय असते. बऱ्याचदा तीच घोळ घालते. ती बंद करून बघा."

मुलाने लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं, ती सोय शोधली आणि बंद केली. मग उत्साहाने चष्मेवाल्या काकांना फोन लावला आणि उलटा फोन करायला सांगितलं. फोन लगेच वाजला. सुनेने वाढवून ठेवलेला आवाज घरभर घुमला.

"झालं," मुलगा म्हणाला. "हीच भानगड होती."

"छान," आत्या म्हणाली. "आता चहा टाक."

चहा झाला. चिमणीला दूध पाजून झालं. फोनला कुणी शिवलं नाही. मग आत्या म्हणाली, "जा आता फाटकापाशी आणि मोबाईलवरून लाव."

तो गेला. खिडकीतून तो दिसत होता, मोबाईल कानाला लावून उभा. फोन वाजला नाही. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"आता तर वाजला होता."

"तू दर वेळी आधी इकडून बाहेर फोन लावतोस," आत्या म्हणाली, "आणि मग लगेच बाहेरून आत बोलावतोस. काल तसंच केलंस, आजही तसंच. काल मी तुझ्या पाठोपाठ काकांना पुन्हा लावायला सांगितलं, तेव्हाही वाजला. तुझी परीक्षाच अशी आहे की हा फोन कधी नापास होणार नाही. संचालकांचा फोन कसा लागला? वहिनी नुकतीच औषधवाल्याशी बोलली होती. एक्स्चेंजवाली काय म्हणाली? एकदा बोलणं झालं की पुढचे सगळे लागतात. चुकतो तो मोठ्या शांततेनंतरचा पहिला. सकाळचा. आणि रुग्णालयाला माणूस लागतो तो सकाळी." ती थांबली. "इकडून कुणी बाहेर गेलं की दार उघडतं, आणि थोडा वेळ गप्प बसलं की पुन्हा लागतं. आता मला हे सांगा, मधलं दार कोण राखतो?"

सगळ्यांनी भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डब्याकडे पाहिलं. नव्या राउटरचे दिवे शिस्तीत लुकलुकत होते.

"पण तो तर उत्तम चालतोय," मुलगा हळूच म्हणाला. "हिचे वर्ग..."

"माझ्या वर्गात तर सारखी ये-जा चालू असते," सून म्हणाली. "मी बोलते, पोरी बोलतात. दार लागायला उसंतच कुठे मिळते? आईंचा फोन मात्र गप्प बसून वाट बघतो."

आत्याने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "ही पोर माझ्या खात्यात हवी होती."

पण आत्याला नुसता तर्क पुरत नसे. तिने फोनच टेबलावरून सोडवून घेतला आणि तो चष्मेवाल्या काकांच्या घरी, त्यांच्या राउटरला जोडला. सगळे त्यांच्याकडे गप्पा मारत बसले. फोनला कुणी हात लावला नाही. काकांनी सगळ्यांचे चष्मे पुसून दिले, सुनेच्या चष्म्याची काडी घट्ट करून दिली. चांगला वेळ गेल्यावर आत्या बाहेर गेली आणि नंबर लावला.

फोन वाजला.

तोच फोन घरी आणला, तसाच गप्प ठेवला, पुन्हा लावला. नाही वाजला.

मुलगा लॅपटॉप घेऊन बसला. राउटर त्याने स्वतः निवडून आणला होता, त्यामुळे आता त्याला गप्प बसवेना. सेटिंगची एकेक पानं उलटत तो बराच वेळ वाचत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सापडलं. आत्या, तू म्हणालीस तसंच दार आहे. घरातून काही बाहेर गेलं की राउटर उत्तर यायला दार उघडं ठेवतो. काही ये-जा झाली नाही की लावून घेतो. जुना आळशी होता, तासन् तास उघडंच ठेवायचा. हा नवा काटेकोर आहे. दोनतीन मिनिटं शांतता झाली की बंद. आणि आपला फोन 'मी इथे आहे' असं कंपनीला तासातून एकदाच सांगतो. मधला सगळा वेळ कंपनीला वाटतं तो हजर आहे, आणि तो असतो बंद दाराच्या आत. बाहेरून कुणी बोलावलं तरी निरोप दारावर आपटून परत जातो."

"आईला कोंडून ठेवलं होतं या डब्याने," सून म्हणाली.

"राउटरची दार लावायची वेळ बदलता येत नाही. पण फोनला शिकवता येतं." त्याने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बदल केला. आता फोन दर थोड्या सेकंदांनी एक छोटासा निरोप बाहेर पाठवणार होता. दार लागायच्या आतच त्याची टकटक व्हायची.

"आता परीक्षा," आत्या म्हणाली, "आणि खरी."

सगळी दुपार फोनला कुणी शिवलं नाही. दुभाषीबाई हात मांडीवर ठेवून समोर बसल्या होत्या. ऊन भिंतीवरून सरकत गेलं. मग आत्याने सुनेला खूण केली. ती मोबाईल घेऊन फाटकापाशी गेली.

फोन वाजला.

दुभाषीबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग रिसीव्हर उचलला. "बोला, दुभाषी बोलतेय."

"आई, मी," सून फाटकापाशी उभी राहून म्हणाली. खिडकीतून तिला सासू दिसत होती. "मी आवाज कमी केला होता. त्याने काही झालं नाही हे खरं, पण मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हवं होतं," दुभाषीबाई म्हणाल्या. "आणि मी दार लोटून आत जायला नको होतं. मला तुझा राग नव्हता आला गं. मला वाटलं, खरंच माझे कान गेले. ते कुणाला दिसू नये म्हणून आत गेले." त्या थांबल्या. "चिमणी उठलीय. ये आता आत."

६

सोमवारी दुभाषीबाई इस्त्रीची साडी नेसून रुग्णालयात गेल्या. सोबत आत्या होती आणि चिमणीला कडेवर घेऊन सून होती. समितीच्या खोलीकडे न वळता त्या सरळ म्हाताऱ्याच्या खाटेकडे गेल्या. नाइलाजाने समितीच तिकडे आली: संचालक, ते डॉक्टर, एक्स्चेंजवरची बाई आणि धाकटा दुभाषी.

आत्याने सगळं समजावून सांगितलं. एक्स्चेंजवरच्या बाईने चष्मा काढून डोळे पुसले. संचालकांनी घसा खाकरला. "म्हणजे तांत्रिक बिघाड होता तर. चला, झालं गेलं. उद्यापासून सकाळची पाळी पुन्हा तुमची. आणि इथून पुढे फोन लागला नाही तर शेजाऱ्यांनाही लावत जाऊ."

इतक्यात म्हातारा बोलायला लागला. उशीवरून मान उचलून, डॉक्टरांकडे बोट दाखवून. दुभाषीबाई खाटेशेजारी उभ्या राहिल्या आणि त्याच्या पाठोपाठ बोलू लागल्या. दुभाषी बोलतो तसं, 'मी' म्हणून, त्याचाच जणू आवाज होऊन.

"माझी मेंढी ओरडली तर मी आधी बघतो, तिला कुठे दुखतंय. तिला बोलता येत नाही तरी बघतो. मला तर बोलता येतं. मी तुमची बाही धरून सांगत होतो. कळत नव्हतं तर थांबायचं होतं."

डॉक्टरांनी मान खाली घातली. म्हातारा दम खाऊन पुन्हा बोलला. आता त्याचं बोट दुभाषीबाईंकडे वळलं होतं. त्यांचा आवाज जराही बदलला नाही.

"आणि ही बाई. आमच्याकडे सगळे म्हणतात, तिथे गेलात तर घाबरू नका, आपलं बोलणारी एक बाई आहे तिथे. मी तिच्या भरवशावर डोंगर उतरलो. आणि ही झोपली होती म्हणतात. मी इथे मरत होतो आणि ही झोपली होती. अशा बाईला ठेवता कशाला?"

सुनेने चिमणीला घट्ट धरलं. संचालकांनी धाकट्या दुभाष्याकडे पाहिलं. निम्मं बोलणं त्यालाही कळलं होतं.

"मला कळलं त्यातला एक शब्द गाळला नाही त्यांनी," तो हळू आवाजात म्हणाला. "एकही मऊसुद्धा केला नाही."

"माझं काम संपलं," दुभाषीबाई म्हणाल्या. "आता मी माझं बोलते." त्या संचालकांकडे वळल्या. "झालं गेलं म्हणू नका साहेब. यांच्या अंगावर झालंय ते. मी झोपले होते ही गोष्ट इथूनच त्यांच्या कानापर्यंत गेली. जिथून गेली तिथूनच परत यायला हवी. मला माफी नको. खरं काय ते सगळ्यांसमोर म्हणा."

संचालक खाटेजवळ आले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघत त्यांनी सावकाश म्हटलं, "बाबा, चूक आमची झाली. फोन त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. बाई जागी होती."

सगळ्यांनी दुभाषीबाईंकडे पाहिलं. त्या बोलल्या नाहीत.

"सांगा ना त्यांना," संचालक म्हणाले.

"हे माझ्याबद्दलचं आहे," दुभाषीबाई म्हणाल्या. "माझ्यावरचा आरोप मी पोचवीन. माझी सुटका मी स्वतःच्या तोंडाने पोचवणार नाही. ते दुसऱ्या कुणीतरी सांगावं." आणि त्यांनी धाकट्या दुभाष्यासाठी जागा केली.

तो पुढे आला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. शब्द जुळवत, अडखळत त्याने म्हाताऱ्याला ते सांगितलं.

म्हाताऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. दुभाषीबाईंना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग सुजलेल्या ओठांनी काहीतरी म्हणाला आणि हसायला लागला. शेजारी बसलेली त्याची बायकोही तोंडाला पदर लावून हसली.

"काय म्हणतायत?" संचालकांनी विचारलं.

"म्हणतायत, ते दिसतंय मला." दुभाषीबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "आमच्या धाकट्यांनी त्यांना सांगितलं, बाई जिवंत होती."

त्या खाटेच्या काठावर बसल्या, म्हाताऱ्याचा हात हातात घेतला आणि ताठ मानेने, एकच शब्द बदलून, ते वाक्य नीट केलं.